अंधारातली तूर
तुरीच्या हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायला लागल्या की त्या वासाबरोबर मला नागपुरातल्या हुडकेश्वरच्या घरातली एक सकाळ आठवते. नातवंडांनो, माझी लेक, म्हणजे तुमची आई, तेव्हा तुरीच्या पानांतल्या हरितलवकांमध्ये, म्हणजे पानाला हिरवा रंग देणाऱ्या कणांमध्ये, ट्रान्सफर आरएनए या प्रथिनं बांधायला मदत करणाऱ्या रेणूची जनुकं शोधत होती. पानांतला स्टार्च प्रयोगात आड येतो, तो उतरावा म्हणून तिने कुंड्या कोठीच्या अंधारात ठेवल्या होत्या, आणि गावाहून आलेल्या माझ्या नणंदेने दया येऊन त्या गच्चीवर उन्हात नेऊन मांडल्या. "काहून वं पोरी, झाडाईले कोंडून मारून राहिली काय?" "आत्या, उद्या प्रयोगशाळेत माझा नंबर आहे वं! तो गेला तर परदेशातली संशोधनाची जागाही गेली." तुमच्या आईचे ओठ पांढरे पडले होते आणि नणंद रडवेली झाली होती. मी कोठीत धावले, तर गव्हाच्या पिंपामागे एक कुंडी तशीच राहून गेलेली दिसली. तेवढी पानं पुरतील का, हे तुमच्या आईलाही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी ती घरी परतेपर्यंत मी देवापुढून उठले नाही. पानं पुरली, पुढे जनुकंही सापडली, ती परदेशी गेली आणि तुम्ही तिकडेच जन्मलात. त्या दिवशी मी देवाकडे तिचं हे दूर जाणंच मागत होते, हे आता एकटीने शेंगा सोलताना लक्षात येतं.