लालवर धरते, पिवळा फुटंल

बनुबाईचा फुगे फोडायचा गाडा आणि माझा भेळेचा गाडा कित्येक वर्षं एकाच टेम्पोत चढतात. राहुरीची यात्रा असो, नेवाशाची असो की पाथर्डीकडची, आमची जागा शेजारीशेजारी. मला तिच्या बंदुकीच्या आवाजाचा वैताग येतो, तिला माझ्या कांद्याचा. पण तिच्यामुळे गर्दी जमते आणि गर्दीला भूक लागते, म्हणून मी तोंड बंद ठेवतो.

गर्दी जमायची ती बंदूक वाकडी होती म्हणून. तिचा नवरा हनुमंत हयात असताना ही छऱ्याची बंदूक एकदा टेम्पोतून पडली आणि तेव्हापासून छर्रा धरल्या जागेच्या वीतभर उजवीकडे जायला लागला. दुसऱ्या कुणी ती दुरुस्त करून घेतली असती. हनुमंताने नाही. दंड फुगवून आलेली पोरं ओळीने चुकली की तो बायकोला पुढे करायचा. बनुबाई पदर खोचून बंदूक उचलायची आणि ओरडायची, "लालवर धरते, पिवळा फुटंल!" लालच्या उजवीकडचा पिवळा फाटकन फुटायचा. पोरं पुन्हा रांगेत. लबाडी म्हणाल तर नव्हती, गुपित ती स्वतःच ओरडून सांगायची. पण ऐकून का हात वळतो?

हनुमंत गेला, गाडा तिने चालू ठेवला. मुलगा-सून पुण्यात कंपनीत, नात स्नेहल आजीकडे केडगावात. पोरगी चालायला लागल्यापासून गाड्यावर. बंदुकीचा लाकडी दस्ता हनुमंतासारख्या उंच माणसाच्या मापाचा, म्हणून ती तो खांद्याला न लावता काखेत दाबून धरायची. तशी धरूनही तिचा फुगा कधी चुकला नाही.

यंदा तिच्या शाळेत नेमबाजीचा संघ निवडायचा होता. आम्ही सगळ्यांनी निकाल आधीच लावून टाकला होता. पोरगी संध्याकाळी घरी आली ती रडतच. शाळेची सरळ बंदूक, आणि हिचे सगळे छर्रे काळ्या गोलाच्या डावीकडे. सगळे एकाच ठिकाणी, पण डावीकडे. नेमबाजी शिकवणाऱ्या शॅरन मॅडम म्हणाल्या, "हात दगडासारखा आहे तुझा, पण तू बघतेस कुठं?" महिनाअखेर आणखी एक संधी देते म्हणाल्या. शाळेची बंदूक मात्र घरी मिळत नाही.

"तिला म्हणावं, तिथं सरळ धर," मी बनुबाईला म्हणालो.

"हाताला सांगून कळतंय व्हय?" ती म्हणाली. "मीच लावलंय ते वळण. हीच बंदूक सरळ करावी लागंल."

मला माझी भेळ दिसायला लागली. असू दे की वाकडी, गिऱ्हाईक तिच्यावरच येतं, असं मी बोलून गेलो. तिने माझ्याकडे रोखून बघितलं. मग हळूच म्हणाली, "आदिनाथा, मला फुगा नीट दिसत न्हाई रं आता. निस्ता रंगाचा डाग दिसतो. हात सवयीनं जातो म्हणून फुटतो. बंदूक सरळ झाली की माझं संपलं." एवढं बोलून ती भाकरी थापायला आत गेली. त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही.

सकाळी आम्ही तिघं फिलिप सुताराकडे गेलो. त्याने दस्ता स्नेहलच्या कोपराच्या घडीत टेकवला. तिचं बोट घोड्यापर्यंत पोचेचना. त्याने पेन्सिलीने रेघ मारली. टोकाकडचं लाकूड हनुमंताच्या खांद्याने घासून गुळगुळीत झालेलं. करवत हातात धरून फिलिप थांबला.

"मावशी, कापू ना?"

"काप. त्यांचा खांदा काय आता यायचा न्हाई."

कापलेला तुकडा तिने पिशवीत टाकला. हल्ली गाडा सरकू नये म्हणून तो चाकाखाली उटी म्हणून असतो.

मग फिलिपने ढिले स्क्रू आवळले, बंदूक वाळूच्या पोत्यावर ठेवली आणि भिंतीला कागद लावला. नळीवरची, नेम धरायची पुढची माशी ठीक होती, मागची खाच सरकली होती. गंजलेल्या स्क्रूला तेल पाजून त्याने ती सरकवली, तर छर्रा आणखी उजवीकडे, थेट त्याच्या कॅलेंडरात. "दार बसवतोयस का बंदूक?" बनुबाई म्हणाली. छर्रा जिकडे न्यायचा तिकडेच खाच सरकवायची, हे कॅलेंडराचं नुकसान झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. डावीकडे थोडी, आणखी थोडी, करत करत दुपारी छर्रा कागदाच्या मधोमध लागला.

बंदूक एका दिवसात सरळ झाली, पोरीला वेळ लागला. घरामागच्या भिंतीशी रोज शाळेतून आल्यावर ती छर्रे मारायची. आधी सगळे डावीकडे, मग थोडे कमी डावीकडे. कधी वैतागून बंदूक खाली ठेवायची. आजी शेजारी बसून म्हणायची, "जिथं मारायचं तिथंच बघ." आयुष्यभर उलटं शिकवून आता हे सांगताना तिला काय वाटत असेल कुणास ठाऊक.

महिनाअखेर स्नेहल संघात आली. मी केडगावात फुकट भेळ वाटली, हे मुद्दाम सांगतो, कारण मी ते सहसा करत नाही.

पुढची यात्रा नेवाशाची. गर्दी जमली, जुनी गिऱ्हाइकं ओरडायला लागली, "मावशी, दाखवा!" स्नेहल तिथेच उभी होती. बंदूक तिच्या हातात देता आली असती. मी मागून खुणावलंही. पण बनुबाईने पदर खोचला, बंदूक उचलली आणि सवयीने ओरडली, "लालवर धरते, पिवळा फुटंल!"

लाल फुटला.

गर्दी हसली. मला हसू आलं नाही. एक पोरगा म्हणाला, "आजी, चुकला की!"

"चुकला न्हाई बाबा," बनुबाई म्हणाली. "धरला तिथंच लागला. मलाच सवय न्हाई त्याची."

तिने बंदूक स्नेहलच्या खांद्याला लावून दिली आणि फुटलेल्या जागी नवा लाल फुगा बांधायला गेली.