शुक्रवारचा शब्बाथ

मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. तिथल्या रंगांच्या एका कारखान्यात मी प्रयोगशाळा सांभाळते. म्हणजे रविवारी सकाळी डोंबिवलीतल्या आमच्या चर्चमध्ये पहिलं गीत सुरू होतं, तेव्हा मी अ‍ॅप्रन घालून नमुने तपासत असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा विधी असतो, तेवढी रजा टाकते. सगळ्यांबरोबर गायला मला आवडतं. पण नोकरीही लागते.

बरीच वर्षं माझा शुक्रवार सुट्टीचा नव्हताच. चक्की, चादरी, सासूबाईंचा दवाखाना, सगळं त्याच दिवशी. ‘तू घरीच आहेस ना’ हे ऐकून ऐकून कंटाळले. एका गुरुवारी संध्याकाळी दुप्पट पोळ्या लाटल्या, आमटी फ्रिजमध्ये ठेवली आणि सांगून टाकलं, “उद्या शेगडी बंद. उद्या माझा शब्बाथ, बायबलमधला विसाव्याचा दिवस.”

“म्हणजे चहासुद्धा नाही?” नवऱ्याने विचारलं.

“आहे की. पातेलं खालच्या कप्प्यात आहे.”

त्यांना चहा करता येतो, हे लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर कळलं. बरा करतात. तेव्हापासून शुक्रवारी मी सकाळी बायबल वाचते, प्रार्थना करते आणि दुपारी झोपते.

मी महिला मंडळाची चिटणीस होते. चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडील मंडळात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. गेल्या वर्षी त्यांनी मला बैठकीला बोलावलं.

“बाई, प्रभूच्या दिवशी कामावर जाणारी चिटणीस बरी दिसत नाही. रविवार मोकळा करा, नाहीतर पद सोडा.”

मी विचारलं, “उपासनेनंतर आपण सगळे जेवतो, तो भात कोण शिजवतं?”

“आपल्याच भगिनी.”

“किती वाजता येतात?”

“ते काही मला...”

“सहाला. अर्धा उपदेश त्यांना स्वयंपाकघरातून ऐकावा लागतो. त्यांचा शब्बाथ कधी?”

“त्या हौसेने करतात. ती सेवा आहे.”

“मग पुढच्या रविवारी तुम्ही करा हौसेने. तांदूळ मी निवडून देते.”

बैठकीला आमचे धर्मगुरू, पाळकसाहेबही होते; त्यांना ठसका लागला. मी त्यांना दहा आज्ञांमधली चौथी, शब्बाथाची आज्ञा वाचायला सांगितली. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, दारात आलेला परका, सगळ्यांना त्या दिवशी विसावा. बायकोचा उल्लेखच नाही. लहानपणापासून मला हे खुपत आलंय. तिथे मी तेच बोलून दाखवलं.

“बायको ‘तू’मध्येच आली,” पाळकसाहेब म्हणाले.

“उत्तम. मग मीही त्यात आले. सहा दिवस राबते, सातव्या दिवशी थांबते. वार कारखाना ठरवतो, थांबायचं मी ठरवते. आणि जिला रविवारी सुट्टी असून बसायला मिळत नाही, तिच्यापेक्षा माझा शब्बाथ जास्त खरा आहे.”

मी राजीनामा दिला नाही, तेव्हा त्यांनी मला काढलं. इतिवृत्तात लिहिलं, ‘वैयक्तिक कारणास्तव पदमुक्त.’ सहीसाठी वही माझ्यापुढे आली. मी ते शब्द खोडले, वर स्वच्छ अक्षरात ‘रविवारी नोकरी करते म्हणून’ असं लिहिलं आणि मग सही केली.

त्यानंतरच्या तिसऱ्या शुक्रवारी त्याच गृहस्थांचा फोन आला. “मंडळाच्या जुन्या नोंदवह्या तुमच्याकडे आहेत. आज आणून देता का? घरीच असाल ना?”

“घरीच आहे. म्हणूनच नाही,” मी म्हटलं. “आज माझा शब्बाथ. उद्या कामावरून येताना देते.”

“बरं,” ते म्हणाले, “उद्या द्या.”

मी फोन ठेवला आणि परत आडवी झाले.