महानंदाबाईची घरपट्टी

लातूरहून नांदेडला जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानसं शहर आहे. तिथं जुन्या बाजाराच्या मागल्या गल्लीत महानंदा बिराजदार पिठाची गिरणी चालवते. नवरा संगमेश्वर आडतीवर मुनीम. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गल्लीच्या नळाला बारा-बारा दिवस पाणी नव्हतं आणि अशात नगरपरिषदेचा माणूस घरपट्टीचं बिल घेऊन गिरणीत आला. महानंदानं पिठाच्या हातानंच ते बिल परत केलं.

"पाणी न्हाई तर पट्टी न्हाई. जा सांग तुझ्या सायबाला."

दळणाच्या डब्यांजवळ उभ्या बायकांनी ते ऐकलं आणि आपापली बिलं परत धाडली. बघता बघता अर्ध्या शहरानं हात आखडला. नगरपरिषदेनं नोटिसा काढल्या, भोंगा लावून रिक्षा फिरवली, पण कुणी बधलं नाही. हे आपण सुरू केलं याचा महानंदाला अभिमान होता आणि तो ती लपवतही नव्हती.

यंदा फेब्रुवारीत पुढल्या वर्षाचं अंदाजपत्रक ठरवण्याआधी नगरपरिषदेनं नागरिकांची बैठक बोलावली. महानंदा गल्लीतल्या बायका घेऊन गेली आणि पुढच्याच खुर्च्यांवर बसली. शेजारी तिची चुलत जाऊ अंबिका होती.

लेखापाल धम्मानंद सोनकांबळे उठले. आवाज न चढवता ते म्हणाले, "घरपट्टी धरली होती त्याच्या निम्मीही आली नाही. वसुली घटली म्हणून वरचं अनुदानही अडकलं. पगार आणि पाण्याच्या मोटारीचं वीजबिल टाळता येत नाही. त्यामुळं बाकीच्यात कपात करावी लागतीय."

मग त्यांनी कपात वाचली. घंटागाडी दिवसाआड येणार. मागल्या गल्ल्यांची नवी पाइपलाइन रद्द. रोजंदारीवरचे चाळीस कामगार एप्रिलपासून बंद.

दाराशी रोजंदारीवाले घोळक्यानं उभे होते. त्यांत ज्ञानोबा होता. महानंदाच्या गल्लीला पाणी सोडायचं काम त्याचंच. ऐकताच त्याचा चेहरा उतरला. तो महानंदाकडं बघत होता, आणि तिला मान वळवता येईना.

"आमच्या माथी मारू नका," ती ताडकन उठली. "त्या यादीत कमान हाय का न्हाई? गावात शिरताना दगडी कमान बांधणार म्हणून बोर्ड लावलाव. तिला कात्री कामून न्हाई?"

नगराध्यक्ष रामलिंगअप्पा लाल झाले. "कमान शहराची शान हाय, बाई."

"तहानलेल्या गावाला कसली आलीय शान?"

सभागृहात गलका झाला. कुणी टेबल वाजवलं. अप्पांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि थेट तिलाच विचारलं, "ठीक हाय. कमान काढतो. तुमची गल्ली पट्टी भरती का? सांगा."

सगळ्यांच्या नजरा तिच्यावर खिळल्या. स्वतःचं ती सांगू शकली असती, गल्लीचं कसं सांगणार?

"नुसत्या कमानीवर न्हाई," ती अखेर म्हणाली. "आमच्या गल्लीतून येईल त्यातली निम्मी रक्कम आमच्याच पाइपलाइनला. तसा ठराव घ्या. मंग विचारते मी लोकांना."

"महिनाअखेर अंदाजपत्रक मंजूर करायचंय," धम्मानंद म्हणाले. "त्याआधी सांगा, ताई."

घरी संगमेश्वरनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू सुरू केलंस, आता तूच मोडतीस? लोक फाडून खातील तुला."

झालंही तसंच. दुसऱ्या दिवशी गिरणीसमोर माणसं जमली. महानंदानं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "पाणी मागायला आपण पट्टी थांबवली. आता त्याच्यापायी पाइपलाइनच रद्द व्हायलीय, अन् गरिबाची रोजी जायलीय. मी भरणार हाय."

"ते पैसे खातेत, त्याचं काय?" एकजण ओरडला.

"दर तिमाहीला हिशेब मागू. मी पुढं होते."

तेवढ्यात अंबिका सगळ्यांसमोर म्हणाली, "तुला किती दिलं त्यांनी? उगं न्हाई कुणी असं फिरत."

महानंदाला एवढं कुणीच बोललं नव्हतं. तिनं गिरणीचं बटण बंद केलं आणि आत जाऊन बसली. आपण चुकलो तर नाही? जावेचाच विश्वास नसेल तर कुणाच्या दारात जायचं?

सकाळी तिनं आपली दोन वर्षांची थकलेली पट्टी भरली. मग पावती हातात घेऊन एकेक दार वाजवायला लागली. काही दारं तोंडावर बंद झाली. काहींनी चहा पाजला, पैसे नाही दिले. तिसऱ्या दिवसापासून मात्र एकेक माणूस नगरपरिषदेच्या खिडकीशी दिसू लागला. संगमेश्वर तिच्याशी धड बोलत नव्हता, पण आडतीवरच्या दोघांना त्यानंच तयार केलं, हे तिला नंतर कळलं.

सर्वसाधारण सभेच्या दिवशी गल्लीतल्या निम्म्याहून थोड्या जास्त घरांनी पट्टी भरली होती. अप्पांनी बराच वेळ तोंड वाकडं ठेवलं. नगरसेवकांत भांडण जुंपलं, सभा दोनदा थांबली. शेवटी ठराव झाला. कमान रद्द. निम्म्या रकमेची अट मान्य. चाळीसातले पंचवीस कामगार राहणार, जुने आधी.

ज्ञानोबा त्या पंचविसांत नव्हता. तो कामावर उशिरा लागलेला.

एप्रिलमध्ये अर्धापूरला केळी भरायच्या कामाला निघताना तो गिरणीवर आला. महानंदा पिठाचे हात पुसत बाहेर आली.

"माझ्यामुळं झालं रे," ती म्हणाली.

"तुमच्यामुळं पंधरा गेले का पंचवीस ऱ्हायले, मला काय म्हाईत," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, पण माफीही नव्हती. "लेकरं इथंच हायत. मागं लक्ष ठिवा."

जूनमध्ये पाइपलाइनसाठी गल्ली खोदली गेली. आता नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं. अंबिका अजून दळण दुसरीकडं नेते. तिमाही संपली तशी महानंदा हिशेब मागायला नगरपरिषदेत गेली. धम्मानंदांनी पुढं केलेले कागद तिनं बाजूला सारले आणि आधी विचारलं, "माणसं परत कवा घेणार?"