बदललेले स्पीकर

वणीला कोळशाचे ट्रक चालवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मग एक ट्रक स्वतःचा झाला, पुढे आणखी दोन. गेल्या वर्षी नागपूरहून मी एक मोठी लांबलचक परदेशी गाडी आणली. जुनीच, पण दार लावलं की बाहेरचं जग बंद व्हायचं. आमच्या बंजारा तांड्यात अशी गाडी कुणाकडे नव्हती. मला तिच्यात एकच खोट दिसत होती, ती म्हणजे स्पीकर.

आवाज बसका यायचा. बाई गाते आहे एवढं कळायचं, काय गाते ते कळायचं नाही. गोधडीत तोंड खुपसून गावं तसं. बायको म्हणाली, "मले तर चांगलं ऐकू येते." मी म्हणालो, "तुले गाण्यातलं काय समजते?"

यवतमाळात गाड्यांना टेप-स्पीकर बसवणाऱ्या एका दुकानात गाडी नेली. मालक चाळिशीतला, मवाळ बोलणारा. त्यानं चारही दारांची आतली झाकणं उघडली, कंपनीचे स्पीकर काढून नवे बसवले, आरशांजवळ बारीक आवाजाचे छोटे स्पीकर लावले, सीटखाली अँप्लिफायर ठेवला. मी आत बसून ऐकलं. आवाज मोठा झाला होता, पण गोधडी तशीच.

"डुप्लिकेट माल टाकला तुम्ही," मी दुकानात सगळ्यांसमोर ओरडलो. त्यानं मुकाट्यानं स्पीकर बदलून दुसरे लावले. तरी तेच. मग वणीत टपरीवर बसून मी त्या माणसाला चोर म्हणत सुटलो. तिथल्या दोघा ट्रकमालकांना आपापल्या जीपचं काम त्याच्याकडे द्यायचं होतं. माझं ऐकून त्यांनी ते रद्द केलं. मला तेव्हा बरंच वाटलं.

होळीला आम्ही फुलसावंगीकडच्या आमच्या तांड्यात गेलो. माझी याडी, म्हणजे आई, लेंगी, म्हणजे होळीची गाणी, फार सुंदर गाते. आदल्या वर्षीच्या तिच्या लेंगी भाचीनं फोनमध्ये भरून ठेवल्या होत्या. म्हटलं, म्हातारीला तिचाच आवाज एवढ्या भारी गाडीत ऐकवावा. याडीला पुढच्या सीटवर बसवलं, बायको आणि भाची मागे. काचेला नाक लावून अर्धा तांडा उभा.

मी गाणं लावलं आणि आवाज वाढवत गेलो. याडीनं दोन्ही हात कानांवर ठेवले. "बंद कर रे! कान फाटून राह्यले माह्ये!"

"अजून कुठं आवाज आला? शब्द तरी कळले का तुले?"

"सगळे कळले," म्हणत तिनं ती कडवी जशीच्या तशी म्हणून दाखवली. मग माझ्याकडे बघतच राहिली. मी गाणं बंद केलं. तिनं पदर तोंडासमोर धरला. पदर हलला, एवढं मला दिसलं. पदर खाली घेऊन ती म्हणाली, "सांग, मी काय म्हणलं?"

मला सांगता येईना. मागून बायको हळूच काही बोलली, तेही मला कळलं नाही. "त्याहिले ऐकू नाही आलं," असं ती म्हणाली होती, हे मला भाचीनं नंतर सांगितलं.

याडी माझ्याकडे वाकली आणि आजोबांशी त्यांच्या म्हातारपणी बोलायची तशी मोठ्यानं म्हणाली, "तुले ऐकू येत नाही रे बापू!" काचेबाहेरच्यांनाही ते ऐकू गेलं असणार. त्यांच्यातलं कुणी हसलं नाही. हसले असते तर मी चिडू तरी शकलो असतो. मी खाली उतरलो आणि जनावरांच्या गोठ्यामागे जाऊन उगाच उभा राहिलो.

बायको मागोमाग आली. माझ्या समोर येऊन उभी राहिली, आणि तेव्हा लक्षात आलं, हल्ली ती समोर आल्याशिवाय बोलतच नव्हती.

"तुले माहीत होतं?"

"होतं ना. पण तुमाले सांगणार कोण?"

डॉक्टरांनी तपासलं. उजवा कान जास्त गेला होता, ट्रकच्या खिडकीकडचा. इंजिनाचा, हॉर्नचा, खाणीतल्या मशीनचा मारा त्यानंच खाल्ला होता. ऐकायचं मशीन कानाला लावून गाडीत बसलो तर कसली तरी टिकटिक येत होती. वळायचा दिवा वाजतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

यवतमाळला गेलो तेव्हा दुकानात गिऱ्हाईकं होती. ती जाईपर्यंत थांबावं असं वाटलं. पण ओरडलो होतो तेव्हा कुठं थांबलो होतो?

"माल बरोबर होता तुमचा," मी म्हणालो. "कान माह्ये गेले."

तो माझ्या तोंडाकडे नाही, कानाकडे बघत होता. "ते वणीवाले दोघं आलेच नाही मग," एवढंच म्हणाला. आवाजात राग नव्हता. मीच खाली बघितलं.

वणीला येऊन त्या दोघांना मी स्वतः भेटलो, सगळं सांगितलं. एकानं ऐकून घेतलं आणि जीप त्या दुकानदाराकडे पाठवली. दुसरा पोट धरून हसला आणि गोष्ट टपरीभर केली. आता मी दिसलो की तिथले लोक दोन्ही हात तोंडाशी धरून हाका मारतात. मीही हसतो. पण टपरीवर जायच्या आधी आरशात बघून केस कानावर ओढून घेतो.