वामनने मशीनला शिकवलं

वामनइतका गुणी आणि वामनइतका येडा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी कोल्हापूरची, तो अकोल्याचा. मोहालीतल्या आमच्या कंपनीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून डबा एकत्र.

काम असं: शेकडो सॉफ्टवेअर पॅकेजेस मशीन आपोआप तयार करतं. एकाला दुसरं आधी तयार लागतं, दुसऱ्याला तिसरं, आणि तो क्रम मशीनच लावतं. पण कधी कधी पहिल्याला दुसरं हवं आणि दुसऱ्याला पहिलंच! झालं, मशीन ठप्प. अहो, दही लावायला विरजण लागतं आणि विरजण म्हणजे दहीच की. घरात नसलं की आपण शेजारणीकडे वाटी घेऊन जातो, तसा वामन कुठलं तरी जुनं, तयार पॅकेज शोधून घालायचा आणि गाडी चालू व्हायची. कुठलं जुनं चालेल, हे फक्त त्यालाच कळायचं.

म्हणूनच मेल्याला रजा मिळत नव्हती. अकोल्याला आईला आतड्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन ठरलं, आणि घरी दुसरं कुणीच नाही. वामन आमच्या मॅनेजरकडे, गिलसाहेबांकडे गेला. ते म्हणाले, "यार, पहले मशीन को सिखा दो, फिर आराम से जाओ."

हा पठ्ठ्या लागला शिकवायला! पंचकुल्याच्या खोलीवर फक्त अंघोळीला जायचा. मशीन अडलं की पडद्यावर 'वामनला विचारा' अशी ओळ यायची. एकेक नियम लिहून त्याने ती ओळच काढून टाकली.

मी ओरडले, "अरे येड्या, एखादी तरी मेख तुझ्याकडे ठेव!"

"आणि ऐन ऑपरेशनच्या दिवशी अडलं तर? आईचा हात सोडून लॅपटॉप उघडू?"

मी त्याला चंदीगडला सेक्टर १७च्या बाजारात नेलं, आईसाठी शाल घेऊन दिली आणि पुढे अकोल्याची गाडी पकडायला दिल्लीच्या बसमध्ये बसवलं.

मशीन एकदाही अडलं नाही. तिकडे डॉक्टरांनी आईचं पोट उघडलं, रोग पसरलेला पाहिला आणि तसंच शिवून टाकलं. त्याच आठवड्यात त्याला कंपनीचं पत्र गेलं: वामनच्या पदाची आता गरज उरलेली नाही. मी गिलसाहेबांच्या केबिनमध्ये घुसून विचारलं, शरम नाही वाटत? ते मान खाली घालून म्हणाले, "ऊपर से आया है."

मी वामनला फोन केला. तो आईच्या खाटेपाशीच बसला होता. मी काही बोलायच्या आत मागून तिचा बारीक आवाज आला, "वामन्या, परत कवा जातं रे?"

"घाई नाही मले, माय. साहेबानं सुटी वाढवून देल्ली."

"देवमाणूस हाय रे बाप्पा तुया साहेब! त्याले माहा आशीर्वाद सांगजो."

"सांगतो, माय," वामन म्हणाला.