रईसाआपांकडे गेलेली जपानी मिठाई

आमच्या हिला पुडे उलटून वाचायचं वेड आहे. बिस्किटं असोत नाहीतर शेवया, दुकानदाराच्या तोंडावर पुडा उलटणार आणि बारीक अक्षरं वाचत बसणार. भोपाळच्या बिट्टन मार्केटातल्या एका पोराने वैतागून विचारलं, "मॅडम, इम्तिहान है क्या?" ही म्हणाली, "हां, तुम्हारा." मी आपला मागे पिशवी धरून उभा. आता या वयात काय बोलणार!

हिचं नाव रत्नप्रभा, माहेर अकोल्याचं. मला इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून ती भोपाळला आली आणि सोनागिरीत आम्हाला शेजार मिळाला तो रईसाआपांचा. हिला तेव्हा हिंदी धड येत नव्हतं, आपांना मराठी अजूनही येत नाही, पण दोघींचं बोलणं कशावाचून अडलंय असं मी तरी कधी पाहिलं नाही. ही पक्की शाकाहारी, अंड्याचा केकसुद्धा चालत नाही. आपांनी हिच्यासाठी वेगळी कढई ठेवली. ईदेला हिच्या वाटणीच्या शेवया त्याच कढईत व्हायच्या, आणि कुणी चुकून इकडचा चमचा तिकडे बुडवला तर आपा सगळं काढून पुन्हा करायला घ्यायच्या. एका लग्नात हिच्या हातात जेलीची वाटी आली, तर आपा पंगत ओलांडून धावत आल्या. "रत्ना, मत खाना, इसमें हड्डी पड़ती है!" जेलीत हाडांचं काही असतं हे हिला तोवर ठाऊकच नव्हतं. तेव्हापासून हे वाचनाचं खूळ शिरलं, ते काही निघालं नाही.

यंदा रमजानात आपांच्या नातीने, अलीज़ाने, पहिला रोजा धरायचं ठरवलं. मूल पहिल्यांदा दिवसभराचा उपास करतं, त्या संध्याकाळी घरात मोठा समारंभ असतो. नवे कपडे, हार, पाहुणे, भेटी. रोजाकुशाई म्हणतात त्याला. आम्हाला आमंत्रण होतंच. त्याच सुमाराला आमचा मंदार ओसाकाहून चार दिवस येऊन गेला होता आणि तिकडची मिठाई ठेवून गेला होता. तांदळाच्या पिठाचे मऊ मऊ गोळे, आत गोड पुरण. कळ्या न काढलेला उकडीचा मोदकच म्हणा ना! खोक्यावर सगळं जपानीत, म्हणून हिने मंदारला समोर बसवून वाचायला लावलं. अंडं आहे का? चरबी? जिलेटिन? पोरगं वैतागलं. "आई, प्राण्याचं काहीही नाही. शुद्ध शाकाहारी!" मग काय, ही खूश. एक खोकं आम्ही फोडलं, मी चार गोळे हाणले. दुसरं हिने नीट बांधून समारंभाच्या आदल्या दिवशी आपांकडे पोचवलं.

समारंभाच्या दिवशी आम्ही निघायची तयारी करत होतो. मंदारचा फोन आला. मी म्हटलं, "अरे, ती मिठाई फारच झकास होती." तो हसून म्हणाला, "तुम्हाला आवडणारच बाबा. त्यात थोडी साके असते."

"म्हणजे?"

"तांदळाची दारू. अगदी किंचित, वासापुरती."

ही साडीच्या निऱ्या घालत होती. निऱ्या सुटल्या हातातून. मांसाचं, अंड्याचं, सगळं विचारलं होतं हो तिने! दारू आमच्या घरात कधी आलीच नाही, तर ती विचारायची हे सुचणार तरी कसं? स्वतःच्या पानात काय पडू नये तेवढंच तिच्या डोक्यात होतं. आपांच्या पानात काय पडू नये, ते राहून गेलं.

फोन लावला, कुणी उचलेना. रोजा सोडायच्या आधीचा तास, सगळं घर स्वयंपाकात असणार. मी म्हटलं, "अगं, किंचित म्हणतोय ना तो? कुणाला कळणार आहे?"

अशी उसळली! "मला कळलंय ना! किंचित हड्डी चालेल असं आपांनी माझ्या बाबतीत कधी म्हटलं का?"

"बरं, मग गुपचूप खोकं उचलून पिशवीत घालू. गर्दीत कोण बघतंय."

"मी चोर आहे का?" ती म्हणाली आणि सुटलेली साडी कशीबशी खोचून निघाली. मी मागे धावलो. रस्ताभर ती एकच बोलत होती, "त्या पोरीने खायच्या आत पोचायला हवं."

पोचलो तेव्हा दिवाणखान्यात जेवणाची लांब चादर, दस्तरखान, अंथरला होता आणि पंचवीसेक माणसं अजानची वाट बघत बसली होती. मधोमध हार घातलेली अलीज़ा, ओठ सुकलेले, चेहरा उतरलेला. आणि तिच्या पुढ्यात आमचं खोकं, उघडलेलं. अलीज़ाच्या मामूने आणलेली कोरियन जेली तपासणीत नापास होऊन बाजूला पडली होती. आपांची सून सबीहा सांगत होती की आज आलेला प्रत्येक पुडा तिने मोबाइलवर तपासलाय.

"और ये?" हिने खोक्याकडे बोट दाखवलं.

"ये तो आपका है आंटी. अम्मी बोलीं, रत्ना के घर का क्या देखना."

खरं सांगतो, मी हिच्या जागी असतो तर गप्प बसलो असतो. ही खाली बसली, खोकं उचलून मांडीवर घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "इसमें शराब है. मैंने गोश्त का पूछा, अंडे का पूछा, शराब का नहीं पूछा. ग़लती मेरी है, आपा."

एक वयस्कर गृहस्थ तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. अलीज़ाचे डोळे भरले. "मैंने सुबह से सोच के रखा था, यही खाऊंगी," ती म्हणाली. दिवसभर पाण्याचा थेंब नाही पोरीच्या पोटात, आणि वर हे! हिने मान खाली घातली. आपा उठल्या, हिच्या मांडीवरून खोकं घेतलं आणि तडक आत गेल्या. मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांचं सगळं त्या खोक्याबरोबर आत गेलं. हिलाही तेच वाटलं असणार, कारण ती मला खुणेने म्हणाली, चला.

आम्ही उठणार तेवढ्यात आपा बाहेर आल्या. हातात खजुरांची बशी. ती त्यांनी हिच्या हातात दिली.

"बच्ची का रोज़ा तुम खुलवाओ."

त्या घरात पहिला खजूर भरवायचा मान थोरल्या बाईचा, म्हणजे आपांचाच. ही बशी परत करायला लागली. "मैं? आज? आपा, इतनी बड़ी चूक हुई है मुझसे."

"चूक किससे नहीं होती," आपा म्हणाल्या. "भरी महफ़िल में बोलता कौन है?" आणि त्या गृहस्थांकडे त्यांनी अशी नजर टाकली की त्यांचं पुटपुटणं जागच्या जागी थांबलं.

अजान झाली. हिने खजूर उचलला. हात पुढे होईना, तेव्हा अलीज़ानेच तो धरला आणि स्वतःच्या तोंडाशी नेला. इतका वेळ घट्ट राहिलेली माझी बायको आता ढसाढसा रडायला लागली. मलाही आवरेना, लपवून काय करू. ती पोर खजूर चावत हिच्याकडे टकामका बघत राहिली. मग तिने बशीतला दुसरा खजूर उचलला, हिच्या तोंडात घातला आणि विचारलं,

"रत्ना दादी, आपका भी रोज़ा था क्या?"