तांब्यात घातलेला हात

त्यानं माझ्या गळ्यातल्या तांब्यात हात घातला. मूठभर तांदूळ वर काढले, गल्लीला दाखवले आणि हसला.

"ताता, हप्त्याला पैसा नाही म्हणता, मग हे काय? भीकच मागायची तर चार दारं जास्त फिरा."

ताता म्हणजे तमिळीत आजोबा. म्हणणारा कर्जाच्या कंपनीचा वसुलीवाला. माझ्या नातवाच्या वयाचा.

कावेरीकाठच्या मेलकावेरीतली आमची गल्ली. सकाळ. मी उंछवृत्तीला निघालो होतो. हातात चिपळ्या, तोंडात अभंग. दारोदारच्या बायका तांब्यात तांदूळ घालतात. ते मठातल्या विठ्ठल-रुक्मिणीच्या लग्नाच्या पंक्तीला जातात. त्यातला दाणा घरी न्यायचा नाही. बापानं मला तिसरीतून काढलं, पण हे शिकवलं. ही भीक नव्हे.

आणि तो उभा होता माझ्याच दारात. माझ्या ओट्यावर पाय ठेवून.

दर वर्षी मी आपल्याच दाराशी परक्यासारखा थांबायचो. बायको बाहेर यायची. ओंजळभर तांदूळ घालायची, पाया पडायची. "आज तुम्ही माझे नाही, त्याचे." मग आत जाता जाता हळूच, "कॉफी ठेवलीय, लवकर या."

यंदा दार बंद. ती उन्हाळ्यात गेली.

कर्ज तिच्या नावावर होतं. गल्लीतल्या बायकांचा गट. एकीनं चुकवलं तर बाकीच्यांनी भरायचं. तिनं काढलं ते माझ्या मोतीबिंदूसाठी. मी नको म्हणत होतो. "तांब्यासकट गटारात पडाल," म्हणाली.

तेराव्याच्या आधीच वसुलीवाला आला. मी मृत्यूचा दाखला दाखवला. पुसलं, आता काय करायचं.

"भरायचं, ताता. नाहीतर बायका भरतील."

बायकांनी माझ्यापायी भरावं? मी भरलं. पट्टीश्वरमला देवळासमोर नारळ विकायला बसलो. पुरलं नाही. तिची नाकातली मोरणी विकली. सराफ वजन करत होता तेव्हा मी रस्त्याकडे बघत होतो.

तेही पैसे संपले. आणि आता हा हात.

अभंग पुढे येईना. शेजारची सेल्वी, फुलं ओवणारी, त्याच गटातली, दारातून म्हणाली, "तुझ्या घरचा डबा आहे का रे तो?" त्यानं तांदूळ परत टाकले, हात झटकला आणि गेला.

त्याचा हात लागलेले ते तांदूळ मी मठात दिले नाहीत. कावेरीत सोडले. आमच्या घरात असं कुणी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सेल्वी मला कोर्टाच्या आवारात घेऊन गेली. गरिबाला तिथं वकील फुकट मिळतो. फुकट ऐकलं की माझी मान ताठ होते. सेल्वी म्हणाली, "मान घरी ठेवा, अप्पा, आणि चला."

वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पुसलं, "कर्ज देताना विम्याचे पैसे कापले होते?"

"सगळ्यांचेच कापले," सेल्वी म्हणाली.

"मग कर्जदार वारला की उरलेलं कर्ज विमा फेडतो. दाखला द्यायचा, बस. त्यानं सांगितलं नाही?"

नाही सांगितलं. दाखला बघून परत दिला आणि हप्ता घेतला.

मी तिथल्या बाकावर बसलो. मोरणी घालायला तिला आरसा लागत नसे. एवढंच आठवत राहिलं.

कंपनीविरुद्ध तक्रार दिली. मग कंपनीचा मोठा साहेब घरी आला, पाकीट घेऊन. ओट्यावर, हळू आवाजात, आदरानं अय्या म्हणत. "अय्या, तुमच्याकडून घेतलेलं परत घ्या. इथं सही करा, तक्रार मिटवू."

मी म्हणालो, "तुमच्या माणसानं हात भर गल्लीत घातला. परतही गल्लीत करा. बायका जमतील तेव्हा, कशाचे पैसे ते सांगून."

"ते जमणार नाही."

"मग पाकीट उचला."

त्यानं उचललं. मोरणी मिळायची नाही. सराफानं केव्हाच आटवली.

गट मंगळवारी सेल्वीच्या ओट्यावर बसतो. मीही जाऊन बसतो. घरात कुणी गेलं तर दाखल्याची पोच घ्या, मेलेल्याचा हप्ता भरू नका, असं वसुलीवाल्यासमोर मोठ्यानं सांगतो. सेल्वी हसते. तो नोटा मोजत राहतो.

तक्रार मी मागे घेणार नाही. पुढल्या वर्षी पुन्हा तांब्या गळ्यात घालून निघेन. माझ्या दाराशी थांबेन, अख्खा अभंग म्हणेन. दार उघडणार नाही, ठाऊक आहे. पण तांब्याकडे पुन्हा हात आला, तर मी चिपळ्या खाली ठेवीन आणि तो हात धरीन.